नेक्स्ट स्कूल, प्लीज

करमाळ्याकडच्या एका शाळेतल्या चौथीच्या मुलीनं मला एकदा विचारलं होतं, "बाई, तुमी जेवता कुटं?" टीव्हीत राहणाऱ्या बाईला स्वयंपाकघर असतं की नाही, ही तिची शंका रास्तच होती. पण प्रश्न मराठीत होता, आणि पडद्यावरच्या बाईनं मराठीचा एक शब्दही काढायचा नाही असा आमच्या संस्थेचा नियम होता. म्हणून मी गोड हसले आणि म्हणाले, "व्हेरी गुड! सिट डाऊन." पोरगी खाली बसली. तिला उत्तर काही मिळालं नाही, पण शाबासकी मिळाली.

हे काम मी तीन वर्षं केलं. त्याआधी बत्तीस वर्षं सोलापुरातल्या मुलींच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेजारच्यांशी कानडी, त्यामुळे इंग्रजी ही माझी चौथी भाषा. वडील मागावर टॉवेल विणायचे. इंग्रज माणूस त्यांनी पाहिला नव्हता, मीही पाहिलेला नाही. पण दुकानाच्या पाटीवर एखादा एस जास्त पडला तरी माझा दिवस खराब जातो. निवृत्तीनंतर घरातल्या कुणाचंच इंग्रजी तपासायला उरलं नाही, तेव्हा शहरातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं आणि मी लगेच हो म्हटलं.

संस्थेची कल्पना चांगली होती. खेड्यातल्या प्राथमिक शाळांना इंग्रजीचे शिक्षक मिळत नाहीत, तर शहरातले शिक्षक तिथं पडद्यावरून पोचवायचे. शाळेत एक मोठा टीव्ही, त्याच्यावर कॅमेरा, आणि सोलापुरात आमचा स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द संस्थेचा. प्रत्यक्षात ती पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या वरची खोली होती. खाली माग खडखडायचे आणि वर मी "लिसन केअरफुली" म्हणायची. तांत्रिक बाजू सांभाळणारे शेखसाहेब पूर्वी लग्नांमध्ये लाऊडस्पीकर लावायचे. आवाज कुठून शिरतो आणि कुठं मरतो हे त्यांना अचूक कळायचं. त्यांनी चारी भिंतींना आणि दाराला सोलापुरी चादरी ठोकल्या. आवाज थांबला, वाराही थांबला. मार्च महिन्यात तिथं शिकवताना अंगावर पाच चादरी पांघरून भाषण केल्यासारखं वाटायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टीव्हीवर शिकवणं म्हणजे बसल्या जागी बोलणं. तसं नाही. या कामाची पहिली अट अशी की मुलांकडे बघायचं असेल तर मुलांकडे बघायचं नाही. मुलं समोरच्या पडद्यावर सहा चौकटींत दिसतात, पण त्यांच्याकडे बघितलं की त्यांना वाटतं बाई जमिनीवर काहीतरी शोधताहेत. बघायचं कॅमेऱ्याच्या काळ्या ठिपक्यात, आणि त्या ठिपक्याकडे बघून मायेनं हसायचं. दुसरी गोष्ट वेळेची. माझा प्रश्न शाळेत पोचून तिथलं उत्तर माझ्यापर्यंत यायला तीन-चार सेकंद लागत. वर्गात मला शांततेवरून कळायचं की मुली विचार करताहेत, घाबरल्या आहेत की डबा उघडून बसल्या आहेत. पडद्यावर सगळ्या शांतता सारख्याच दिसतात.

शिवाय एक तांत्रिक गंमत होती. ज्या शाळेतून आवाज येईल, तिची चौकट आपोआप मोठी व्हायची आणि सहाही शाळांच्या टीव्हीवर तीच शाळा भरून दिसायची. तास चाळीस मिनिटांचा, शाळा सहा. गप्प बसलेल्या शाळेसाठी थांबायला सवड नसे. अशा वेळी काय म्हणायचं ते वाक्यही संस्थेनं ठरवून दिलं होतं : "नेक्स्ट स्कूल, प्लीज." सौजन्यपूर्ण वाक्य. शेवटी प्लीज आहे.

सहा शाळांचे सहा स्वभाव. अकलूजजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक स्वतःच कॅमेऱ्यासमोर खुर्ची टाकून बसत. मुलं त्यांच्या मागं, कडक इस्त्रीच्या टोपीआडून डोकावणारी. "आकाशाचा रंग कोण सांगेल?" असं मी इंग्रजीत विचारलं की साहेब हात वर करत. उत्तर बरोबर असायचं, त्यामुळं तक्रार तरी काय करणार? वर्षाच्या शेवटी त्यांची प्रगती खरोखर उल्लेखनीय होती.

आणि सहावी चौकट श्रीपूरकडची. साखर कारखान्यापासून तीनेक किलोमीटर आत, उसाच्या फडांमध्ये एका वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. तिसरी-चौथीची मिळून एकोणीस मुलं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला आलेल्या माणसांची आणखी सात-आठ त्यात येऊन बसायची. शिक्षक माने गुरुजी. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ते टीव्हीच्या शेजारी उभे राहत आणि चौकटीच्या डाव्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातलं त्यांचं कोपर तेवढं दिसायचं.

गणपतीनंतर आमचे तास सुरू झाले. पहिल्या दिवशी मी श्रीपूरला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" चार सेकंद गेले, पाच गेले, सहा गेले. एकोणीस तोंडं माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "नेक्स्ट स्कूल, प्लीज." दुसऱ्या तासाला तेच झालं, तिसऱ्यालाही तेच. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाच आठवडे हाच प्रकार. पुढंपुढं तर श्रीपूरची पाळी आली की मी प्रश्न विचारतानाच पुढच्या शाळेकडे वळलेली असायची.

दिवाळीनंतर चमत्कार झाला. मी सवयीनं विचारलं, "हाऊ ओल्ड आर यू?" आणि श्रीपूरची चौकट अशी दणक्यात मोठी झाली की मीच दचकले. "आय ॲम नाइन इयर्स ओल्ड!" सगळी पोरं एका सुरात. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. पाचही बरोबर, पूर्ण वाक्यात, आर्टिकलसकट. मी शेखसाहेबांकडे बघितलं. त्यांनी अंगठा वर केला.

माझी पद्धत लागू पडली, असं मला वाटलं. त्या दिवसापासून श्रीपूर माझी लाडकी शाळा झाली. संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले की मी आधी श्रीपूरच दाखवायची. अध्यक्ष म्हणायचे, "मॅडम, याला म्हणतात इम्पॅक्ट." मी विनयानं मान खाली घालायची. ती पोरं उत्तर देताना माझ्याकडे न बघता जरा डावीकडे बघतात, हे मला दिसत होतं. खिडकीचा उजेड पडद्यावर येत असेल, असं मी ठरवून टाकलं.

जानेवारीत एक दिवस शेखसाहेब चहा सांगायला खाली गेले होते. मी एकटीच शिकवत होते. बाकीच्या पाच शाळा त्या दिवशी ठार गप्प. अकलूजच्या मुख्याध्यापकांचाही हात खालीच. श्रीपूर मात्र नेहमीसारखं पेटलेलं. मी पाच प्रश्न विचारले, पाच उत्तरं आली. मी "वंडरफुल!" म्हणत असतानाच शेखसाहेब आत आले आणि यंत्राकडे बघून ओरडले, "मॅडम, तुमारा आवाज बंद हय! कबसे किसकू बोलरे तुमे?"

माझा माइक तासाच्या सुरुवातीपासून बंद होता.

पाच शाळांना माझं काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या प्रामाणिकपणे गप्प बसल्या होत्या. आणि ज्या शाळेला माझा एक शब्दही पोचला नव्हता, तिनं पाचपैकी पाच उत्तरं बरोबर दिली होती.

हे कसं झालं ते कळायला फार हुशारी लागत नव्हती. तासाचे प्रश्न आणि त्यांची नमुना उत्तरं आम्ही आदल्या आठवड्यात सगळ्या शाळांना क्रमानं लिहून पाठवत असू. माझं तोंड हलायचं थांबलं की पुढचं उत्तर, एवढाच हिशेब. खात्री करायला म्हणून पुढच्या तासाला मी प्रश्नांचा क्रम बदलला.

"व्हॉट इज युवर फादर्स नेम?"

"आय ॲम नाइन इयर्स ओल्ड!"

"हाऊ ओल्ड आर यू?"

"माय फादर इज अ फार्मर!"

"व्हेअर डू यू लिव्ह?"

"धिस इज अ पॅरट!"

तेवढ्यात डावीकडचं कोपर गडबडीनं हललं आणि त्याच्यापुढचा हात चौकटीत आला. हातात पाटी होती. पाटीवर खडूनं मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : धिस इज अ पॅरट.

शेखसाहेब एवढे हसले की त्यांना चहाचा कप खाली ठेवावा लागला. मी हसले नाही. दोन महिने मला फसवलं होतं, आणि तेही पाहुण्यांच्या देखत. दर शनिवारी आम्हाला संस्थेला एक अहवाल द्यावा लागे. त्यात निरीक्षणाचा एक रकाना होता. मी त्या रकान्यात इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं : या शाळेची उत्तरं 'प्रॉम्प्टेड' असल्याचं दिसतं. कर्मणी प्रयोग. कुणाचं नाव नाही, आवाज चढवलेला नाही. लिहून झाल्यावर ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं. हे सांगायला आज लाज वाटते, पण आवडलं होतं.

ते वाक्य पुढं कुठं जाईल याचा मी विचार केला नव्हता. माझे अहवाल कुणी वाचत असेल असा माझा समजच नव्हता.

दोनेक आठवड्यांनी, रविवारी सकाळी फोन आला. अनोळखी, जरा दबका आवाज.

"नमस्कार बाई. मी माने बोलतोय, श्रीपूरकडच्या वस्तीशाळेतला. तुमी मला बघितलं नसल."

"कोपर पाहिलंय," असं तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "बोला गुरुजी."

"नंबर शेखसायबांकडनं घेतला, राग मानू नका. एक अडचण हाय. तालुक्याच्या हापिसातनं कागद आलाय. आठ दिवसांत खुलासा द्या म्हणतेत. वरचं मराठी समजलं. पण ज्याच्यावर खुलासा मागितलाय ते वाक्यच इंग्रजीत हाय. मला काय ते लागंना."

"वाचून दाखवा," मी म्हटलं. काय वाचणार आहेत ते मला ठाऊक होतं.

त्यांनी वाक्य अक्षर अक्षर लावून वाचलं. शेवटच्या शब्दाशी अडले आणि स्पेलिंगच सांगितलं. "डिक्शनरीत बघितलं, बाई. प्रॉम्प्ट म्हंजे तत्पर, वक्तशीर. मला वाटलं कुणीतरी कौतुक केलंय. पण कौतुकाचा खुलासा कशाला मागतील?"

बत्तीस वर्षं मी मुलींना एका शब्दाचे दोन अर्थ शिकवले. एवढं अवघड कधी गेलं नव्हतं.

"गुरुजी, इथं त्याचा अर्थ वेगळा आहे. म्हणजे... मुलांना कुणीतरी उत्तरं सांगतंय, असं लिहिलंय."

पलीकडे शांतता. फोनवर तीन-चार सेकंदांचा उशीर नसतो. ती शांतता खरी होती.

"अस्सं," ते म्हणाले. "मग ते तर खरंच हाय की."

तेच पुढं म्हणाले, "मला दोनच वर्षं राहिलीत निवृत्तीला. सर्विसबुकात आजपत्तुर एक रेघ न्हाय. बाई, खुलासा इंग्रजीतनं लिहून द्याल का?"

"मराठीत दिला तरी चालेल गुरुजी."

"चालल की. पण आरोप इंग्रजीत हाय. उत्तर मराठीत दिलं तर हलकं पडतंय."

त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "देते लिहून. पण तुम्ही असं का केलंत ते मला कळायला हवं."

"मग शाळेवर या की. एवढं शिकवताय, शाळा न्हाय बघितली तुमी."

पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं मी श्रीपूरला उतरले. कोपराच्या पुढचा माणूस तिथं मोटारसायकल घेऊन उभा होता. बारीक अंगाचा, डोक्यावर केस विरळ, सदरा पांढराशुभ्र. उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांना वाट देत देत आम्ही वस्तीवर पोचलो. रस्त्याकडेला ऊसतोडीवाल्यांच्या खोपी होत्या आणि मोकळे बैल कडब्याला तोंड लावून बसले होते. मी, बासष्ट वर्षांची बाई, मोटारसायकलच्या मागच्या शिटावर एका बाजूला पाय सोडून बसले होते आणि उतरल्यावर गुडघे सरळ करायला मला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात पोरं गोळा झाली. जवळ कुणी येईना. एकजण दुसऱ्याच्या कानात म्हणाला, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, "टीव्हीतल्या बाई लई बुटक्या हायती की रं."

वर्गात टीव्हीवर विणलेलं झाकण घातलेलं होतं. गुरुजींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पोरांच्या सतरंजीवर बसले.

"पहिल्या दिवशी ही सगळी तेल लावून, भांग पाडून आली होती," ते म्हणाले. "टीव्हीतल्या बाई आपल्याला बघणार म्हणून. तुमी नाव विचारलं. हितं खरखर लई, कुणाला नीट ऐकायलाच आलं न्हाय. कान देऊन बघत्यात तवर तुमी म्हणला, नेक्स्ट स्कूल, प्लीज. आन दुसरीच पोरं टीव्हीत मोठी झाली. पाच आठवडं असंच. ह्यांनी एकदाबी सोताला मोठं बघितलं न्हाय. मग खेळताना कुणी आउट झालं की ही म्हणायची, नेक्स्ट स्कूल प्लीज. त्येंना वाटायचं, त्याचा अर्थ चल, हो बाजूला."

मी पदरानं चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"मी बघितलं, बाई उत्तर देणाऱ्याकडंच बघत्यात. मग म्हटलं, देऊ की उत्तर. चूक हाय, मला कळतंय. पण पोरं लई खूश झाली हो त्या दिवशी."

"अर्थ कळत होता त्यांना?"

"त्येंना न्हाय. मलाबी न्हाय." असं म्हणून त्यांनी कपाटातून तीन शंभरपानी वह्या काढल्या. माझा प्रत्येक तास त्यांनी देवनागरीत उतरवून घेतला होता. माझी वाक्यं, माझ्या उच्चारांसकट. जिथं कळलं नाही तिथं समासात लाल शाईनं "अर्थ विचारणे" अशी नोंद. पहिल्याच पानावर "कॅन यू हिअर मी?" आठ वेळा आलं होतं आणि आठही वेळा पुढं लिहिलं होतं : अर्थ विचारणे. "वंडरफुल"पुढं लिहिलं होतं : बहुधा बरोबर.

विचारणार कुणाला होते? पडद्यावरची बाई मराठी बोलत नव्हती.

मी वही मिटली. "गुरुजी, ते वाक्य मी लिहिलंय."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"तिकडनं आमच्याकडं बघणारं दुसरं कोण हाय, बाई? तुमी लिहिलंय एवढं कळलं होतं. काय लिहिलंय ते कळंना, म्हणून तर तुमालाच फोन लावला." मग दाराकडे बघून त्यांनी हाक दिली, "अगं, बाईंना चहा आणा कुणीतरी."

शाळेच्या ओसरीवर बसून मी खुलासा लिहिला. एक पान भरलं. ऐकू न येणं, वाट न बघणं, प्रश्न आधी पाठवणं, सगळं त्यात आलं. त्यात माझाही दोष होता आणि तो मी कर्तरी प्रयोगात लिहिला. गुरुजींनी आपल्या हातानं त्याची नक्कल केली. त्यांचं अक्षर असं की इंग्रजी समजत नसूनही पान छापल्यासारखं दिसत होतं. खाली सही केली, घडी घातली, खिशात ठेवली. परतीच्या एसटीत मला बरंच हलकं वाटत होतं.

मार्चमध्ये निर्णय आला. खुलासा मान्य झाला होता. इतका मान्य झाला होता, की ज्या शाळेत एवढं उत्कृष्ट इंग्रजी लिहिणारे शिक्षक आहेत तिथं बाहेरून इंग्रजी शिकवण्याची गरज काय, असा प्रश्न कुणाच्या तरी मनात आला. टीव्ही दुसऱ्या शाळेला देण्यात आला. श्रीपूरचं इंग्रजी यापुढं माने गुरुजींनीच घ्यावं, असं ठरलं.

त्याच दिवशी गुरुजींचा फोन आला. नमस्कारसुद्धा नाही. "बाई, तुमी ह्यात लिहिलं तरी काय?"

एखाद्या माणसाला वाचवायचं तर थोडं वाईट इंग्रजी लिहावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आता जे बिघडवलं ते निस्तरणं भाग होतं. जूनपासून आम्ही रोज संध्याकाळी साडेसहाला फोनवर बोलायला लागलो. वीस मिनिटं, साधा फोन, चित्र नाही. उद्याचा धडा मी त्यांना सांगायची, ते मला उलटे प्रश्न विचारायचे. वह्यांमधल्या "अर्थ विचारणे" या नोंदी एकेक करून खोडल्या गेल्या. नियम पडद्याला होता, फोनला नव्हता, त्यामुळं मी मनसोक्त मराठी बोलले. त्या तीन वर्षांत इंग्रजी शिकवण्याचं जे काही खरं काम माझ्या हातून झालं असेल ते मराठीत आणि नोकरीच्या वेळेबाहेर झालं.

गुरुजी मठ्ठ नव्हते, पण हट्टी होते. "डू"चा उच्चार डू आणि "गो"चा गो, हे त्यांनी सहा दिवस मान्य केलं नाही. "दोन्हीत ओ हाय. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, पोरांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा की इंग्रजी असंच आहे." ते म्हणाले, "असं सांगितलं की पोरं मान हलवत्यात आन विसरत्यात." दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांनाच कारण शोधायला लावलं. पोरांना सापडलं नाही, पण दोन्ही उच्चार पाठ झाले. हे मी हायस्कुलात का केलं नाही, हा विचार पुढं बरेच दिवस माझ्या डोक्यात होता.

पुढच्या फेब्रुवारीत संस्थेनं सगळ्या शाळांची तोंडी परीक्षा घेतली, टीव्ही गेलेल्या शाळेचीही. श्रीपूरसाठी एका दिवसापुरता टीव्ही परत लावला. परीक्षक मीच. फॉर्मवर दहा प्रश्न आणि प्रत्येकापुढं दोनच चौकोन : उत्तर दिले, उत्तर दिले नाही. वेळ सात मिनिटं.

चौकट उघडली तर माने गुरुजी पोरांच्या मधोमध, सतरंजीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, पंजे उताणे, मला दिसतील असे.  शेखसाहेबांनी माझा माइक चालू आहे याची दोनदा खात्री केली.

मी विचारलं, "व्हॉट इज युवर हॉबी?"

खरखर. चार सेकंद. सहा सेकंद. ते संस्थेचं वाक्य जिभेवर आलं, सवयच ती. मी ओठ मिटून काळ्या ठिपक्यात बघत राहिले.

मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. रेणुका तिचं नाव, हे मला फोनवरच्या बोलण्यातून ठाऊक होतं. आईबाप ऊसतोडीला आलेले, पोरीचं नाव गावाकडच्या शाळेत आणि हंगामापुरतं बसणं इथं. ती म्हणाली, "से अगेन, मॅडम. स्लो."

मी सावकाश पुन्हा विचारलं.

"हॉबी मीन्स व्हॉट?"

मी इंग्रजीत समजावलं. तिनं पुन्हा विचारलं, काम आवडलं तर तीही हॉबी का? हा प्रश्न तिनं चार तुटक शब्दांत आणि बैलगाडी हाकण्याचा अभिनय करून विचारला. पुढच्या एका मुलानं विचारलं, मॅडम, युवर हॉबी व्हॉट? मी म्हटलं, चुका शोधणं. ते त्यांना कळलं नाही, मग तेही समजावलं. अशा गप्पांत सात मिनिटं संपली. फॉर्मवरचे तीनच प्रश्न झाले होते.

बाकीच्या शाळांना नऊ-नऊ, दहा-दहा गुण पडले. अकलूजला दहापैकी दहा. श्रीपूरला तीन. मी फॉर्म खरा भरला. मुलं प्रश्न विचारत होती, असं निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं. पण गुण मोजणारा माणूस तो रकाना बघत नाही, हे मला कळायला हवं होतं. एकदा त्यानं तो बघितला होता तेही दुर्दैवानंच. श्रीपूर शेवटून पहिलं आलं.

आठवड्याभरानं नेहमीच्या वेळी गुरुजींचा फोन आला.

"बाई, आमचा नंबर शेवटचा लागला म्हणं."

"हो गुरुजी. माझ्याच हातानं."

"असूं द्या. पण आता आमी मागं पडलोय म्हणून टीव्ही परत देणार हायेत. पुढच्या महिन्यापासनं तुमी परत पडद्यावर."

मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, "मग काय म्हणता?"

"मी एक पत्र लिवलंय. नको म्हणून. इंग्रजीत लिवलंय, सोता. तेवढं ऐका आन काय चुकलं असल तर सांगा."

कागद उलगडल्याचा आवाज आला. गुरुजींनी घसा साफ केला आणि पोरांना शुद्धलेखन घालावं तसं एकेक शब्द सुटा करून वाचलं :

"रिस्पेक्टेड सर. टीव्ही इज नॉट नेसेसरी. चिल्ड्रन आर आस्किंग मी मेनी क्वेश्चन. आय ॲम बिझी."

ते थांबले. क्वेश्चनचा एस राहिला होता. त्या एका एससाठी मी बत्तीस वर्षं पोरींच्या वह्या लाल केल्या आहेत.

"काय चुकलंय का, बाई?"

"काही नाही गुरुजी," मी म्हटलं. "पाठवा."